आवाज केव्हा येतो, ते आधी पाहा

नोव्हेंबर सरत आला की ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात, माजिवड्यापासून गायमुखापर्यंतच्या इमारतींमध्ये गिझर पुन्हा रोज चालू लागतात आणि त्यांच्याबरोबर एक तक्रारही सुरू होते. गिझरमधून आवाज येतो. कोणी म्हणतो खडखडतो, कोणी म्हणतो सूं करतो, कोणाकडे नळ बंद केला की भिंतीत धाडकन काहीतरी आपटते. फोनवर हे ऐकणाऱ्या मेकॅनिकला त्यातून फारसे कळत नाही आणि तो घरी येतो तेव्हा गिझर नेमका गप्प असतो. मग अंदाजाने थर्मोस्टॅट बदलला जातो, नाहीतर कॉइल, आणि थोड्या दिवसांत आवाज पुन्हा ऐकू येतो. ही फेरी टाळायची असेल तर आवाज कसा आहे याची चर्चा बाजूला ठेवून तो केव्हा येतो हे आधी टिपावे, असे माझे ठाम मत आहे. गिझरच्या बाबतीत वेळ जेवढे सांगते तेवढे वर्णन सांगत नाही.

यामागचे कारण साधे आहे. बाथरूमला चारही बाजूंनी टाइल्स असतात, वर बहुधा फॉल्स सीलिंग असते आणि गिझर त्याच्या आत किंवा त्याला लागून टांगलेला असतो. अशा जागेत आवाज घुमतो, त्याचा पोत बदलतो. शिवाय पाण्याने भरलेला पाइप आवाज दूरवर वाहून नेतो, त्यामुळे तीन मजले खालच्या व्हॉल्व्हची घरघर आपल्या गिझरमधून येते असे वाटू शकते. म्हणजे आवाजाचे रूप आणि त्याची जागा, दोन्ही फसवतात. वेळ मात्र कारणाला बांधलेली असते. कॉइल तापते ती फक्त गिझरचा दिवा लागलेला असताना. पाइपमधला दाब बदलतो तो मुख्यतः नळ उघडताना किंवा बंद करताना. टाकीचा पत्रा आक्रसतो तो तापणे थांबल्यावर. इमारतीचा पंप त्याच्या स्वतःच्या वेळेने चालतो, त्याला तुमच्या गिझरच्या बटणाशी देणेघेणे नाही. मुरलेला मेकॅनिक कानावरूनच दोष ओळखतो, असा आक्षेप यावर येईल. ते खरेही आहे. पण त्यासाठी त्याने तो आवाज स्वतः ऐकायला हवा, आणि नेमके तेच घडत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात ते आपले शब्द. म्हणून त्याला उपयोगी पडेल अशी माहिती द्यावी.

दिवा लागल्यावर काही मिनिटांत सुरू होणारा, पाणी तापत जाईल तसा वाढणारा आणि दिवा विझला की थांबणारा आवाज घोडबंदर पट्ट्यात सर्वांत जास्त आढळावा, हे अपेक्षितच आहे. त्याचे मूळ गिझरमध्ये कमी आणि पाण्यात जास्त आहे. ठाणे महापालिकेला स्वतःच्या योजनेतून, स्टेम प्राधिकरणाकडून, एमआयडीसीकडून आणि मुंबई महापालिकेकडून पाणी मिळते. हे बहुतांश सह्याद्रीच्या पावसाचे, धरण-नद्यांचे पाणी आहे आणि त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. पण एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी यांच्यामधल्या या पट्टीत इमारती इतक्या झपाट्याने वाढल्या की नळाचे पाणी पुरेनासे झाले. २०१७ मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तूट भरून निघते ती टँकरने आणि बोअरने. काळ्या पाषाणातून झिरपत आलेल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात, खाडीकडच्या बाजूला त्यात खारेपणाचीही भर पडू शकते. हे सगळे पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत एकत्र होते, म्हणून एकाच इमारतीत जानेवारीतले पाणी आणि मेमधले पाणी सारखे नसते.

असे जड पाणी तापवले की त्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेले कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याचे कीट, जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथे बसते. ती जागा म्हणजे कॉइल. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचे उलटे आहे, पाणी जितके गरम तितके ते कमी विरघळते. हिशेब करून पाहा. पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज ६० लिटर पाणी तापते असे समजा. त्या पाण्यातून रोज २४ ग्रॅम क्षार गिझरमधून जातात. त्यातला फक्त दहावा भाग आत राहिला तरी वर्षाला साडेआठशे ग्रॅमच्या पुढे कीट जमते. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यासाठी जडपणाची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम ठेवते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. म्हणजे ४०० चे पाणी पिण्यास अयोग्य ठरत नाही, पण गिझरला ते सोसत नाही.

कीट आवाज कसा करते, हे चहाचे आधण ठेवणाऱ्या कुणालाही कळेल. पाणी खळाखळा उकळण्याच्या आधी ते सनसनते, कारण तळाशी वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि वरच्या थंड पाण्यात शिरताच फुटून विरतात. गिझरमधले पाणी ६० ते ७५ अंशांवर असते, त्याने उकळायला नको. पण कॉइलवर किटाचा थर बसला की धातूची उष्णता पाण्यात सहज जात नाही, कारण तांब्याच्या मानाने या थरातून उष्णता शंभराहून अधिक पटींनी कमी वाहते. कॉइलचा पृष्ठभाग प्रमाणाबाहेर तापतो, किटाच्या भेगांमध्ये अडकलेले पाणी जागच्या जागी उकळते, वाफ होते आणि फुटते. सुरुवातीला नुसती सनसन ऐकू येते, थर जाडावला की तडतड, आणि किटाचे तुकडे सुटून तळाशी साचले की त्यांच्याखालच्या वाफेने खडे हलल्यासारखी खडखड. याची खात्री घरातच करता येते. सकाळी गार गिझर चालू करा आणि पहिली पाच मिनिटे, मग शेवटची पाच मिनिटे ऐका. २ किलोवॉटच्या कॉइलला १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १८ मिनिटे लागतात. आवाज दिव्याबरोबर येत-जात असेल आणि मधल्या काळात वाढत असेल तर शंका धरायला नको.

किटामुळे विजेचे बिल वाढते, असे सर्रास सांगितले जाते आणि त्या भीतीवर सर्व्हिसिंग खपवले जाते. साठवणीच्या विजेच्या गिझरपुरते हे फारसे खरे नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिच्यात जळलेली वीज उशिरा का होईना पाण्यातच उतरते, ती जायला दुसरी वाट नाही. खरे नुकसान वेगळे आहे. उष्णता आत कोंडल्याने कॉइलचे आवरण फाटते, पाणी आत शिरते आणि विजेची गळती सुरू होते. म्हणून आवाज करणाऱ्या गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे ना आणि तो टेस्टचे बटण दाबल्यावर पडतो ना, हे त्याच दिवशी पाहावे. गॅसच्या गिझरचे मात्र निराळे आहे. तिथे पाण्यात न उतरलेली उष्णता धुराबरोबर बाहेर जाते, त्यामुळे कीट तिथे खिशालाही लागते.

‘जुना झाला, बदलून टाका’ हा सल्लाही घाईचा आहे. पाणी तेच राहिले तर नव्या गिझरवरही कीट बसणारच, आणि एक-दोन हिवाळ्यांत तोही सनसनू लागेल. टाकी गळत नसेल तर कॉइल काढून घासणे, तळाचा गाळ उपसणे, गॅस्केट नवे घालणे एवढे पुरते. हे काम घरच्यांनी करू नये. मेनचा एमसीबी पाडून, टाकी पूर्ण रिकामी करून जाणकाराकडून ते करून घ्यावे, आणि टाकीत तीव्र ॲसिड ओतण्याचा प्रस्ताव आला तर स्पष्ट नकार द्यावा, कारण टाकीचा आतला काचेचा लेप आणि वेल्डिंगचे सांधे त्याने दुखावतात. त्याच वेळी मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड काढून पाहायला सांगा. टाकीऐवजी स्वतः झिजणे हेच त्याचे काम आहे. तो संपला की पुढची पाळी टाकीची. कॉइल साफ करून रॉड न पाहता निघून जाणाऱ्या मेकॅनिकने अर्धेच काम केलेले असते.

थर्मोस्टॅट किती अंशांवर आहे, हेही पाहावे. बरेच गिझर ७५ अंशांवर ठेवलेले असतात आणि घरातल्या कोणी तो आकडा कधी पाहिलेलाही नसतो. ६० च्या वर कीट बसण्याचा वेग झपाट्याने वाढतो. मग आणखी खाली, ४५ वर का आणू नये? कारण लिजिओनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो आणि ६० च्या वर तग धरत नाही. म्हणून ६० हा मधला मार्ग. पाणी कमी पडेल ही भीतीही हिशेबात टिकत नाही. ६० अंशांचे १५ लिटर पाणी २५ अंशांच्या पाण्यात मिसळले तर ४० अंशांचे ३५ लिटर होते, म्हणजे जवळपास दोन बादल्या.

सॉफ्टनरबद्दल सोसायट्यांच्या बैठकांत खूप बोलले जाते. मिठावर चालणारा सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो आणि नीट चालवला तर कीट खरोखर कमी करतो. पण मीठ वेळेवर भरले नाही, रिजनरेशन चुकले तर जड पाणी जसेच्या तसे पुढे जाते, आणि सॉफ्ट केलेल्या पाण्यात अॅनोड रॉड लवकर झिजू शकतो. पाइपला बाहेरून बांधायच्या चुंबकाने जडपणाचा आकडा बदलत नाही. त्याच्या उपयोगाबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, तेवढे पैसे वर्षातून एकदा सफाईवर खर्चावेत. आणि जडपणा मोजायचा तर आरओवाला दाखवतो त्या टीडीएसच्या पेनावर विसंबू नका. तो सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यात कॅल्शियम किती हे त्याला कळत नाही. जडपणा मोजायचा वेगळा किट स्वस्तात मिळतो. नळाचे पाणी, बोअरचे पाणी आणि टँकर आलेल्या दिवशीचे टाकीतले पाणी असे तीन नमुने कमिटीने तपासून सूचनाफलकावर लावले तर निम्मे वाद मिटतील.

आता नळाशी बांधलेले आवाज. दिवा लागो न लागो, नळ उघडला की घरघर आणि बंद केला की धाडकन, असे असेल तर गिझर उघडण्यात अर्थ नाही. पाण्याच्या १० मीटर उंचीचा दाब सुमारे १ बार असतो. ३ मीटरचा एक मजला धरला तर ३० मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीचा तळाशी येणारा दाब ९ बारपर्यंत जातो, आणि उंच इमारतींसाठी म्हणून विकले जाणारे गिझरही साधारणपणे ८ बारसाठी असतात. म्हणून मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे पीआरव्ही बसवलेले असतात. त्यातली चकती किंवा स्प्रिंग झिजली की व्हॉल्व्ह गुणगुणतो आणि खालच्या फ्लॅटमध्ये दाब वाढतो. ओळखायचे कसे? त्याच शाफ्टवरच्या वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना विचारा. तिघांकडे तोच आवाज असेल तर काम प्लंबिंगचे आहे, ते सोसायटीने करायचे आहे, तुम्ही गिझरवर पैसे घालवू नयेत. धाडकन आवाजाचे कारण वाहते पाणी एकाएकी अडवले जाणे हे असते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून त्याचे गणित मांडले. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी लोखंडी पाइपमध्ये क्षणात थांबवले तर दाबाची १० बारहून मोठी लाट उठते. प्लास्टिकच्या पाइपमध्ये ती बरीच कमी असते, पण सैल क्लॅम्पमधला पाइप भिंतीवर आपटायला तेवढी पुरते. हल्लीचे एका दांड्याचे मिक्सर नळ झटक्यात बंद होतात म्हणून हे वाढले आहे. नळ सावकाश बंद करून पाहा. आवाज नाहीसा झाला तर क्लॅम्प घट्ट करणे आणि अँगल कॉक थोडा आवळणे हे पहिले उपाय.

तापणे थांबल्यानंतर येणारी टकटक बहुधा पत्रा आणि पाइप गार होताना आक्रसल्याची असते, तिची काळजी नको. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून टपटपणारे पाणीही ठीकच. २५ वरून ६० अंशांवर जाताना १५ लिटर पाणी सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर फुगते आणि त्याला जायला जागा लागते. ती टपटप बंद करण्यासाठी व्हॉल्व्हला बूच मारणे हा मात्र जिवाशी खेळ आहे. गिझर बंद असतानाही ती दिवसभर चालली तर वाढलेला दाब किंवा झिजलेला व्हॉल्व्ह, यांपैकी एक कारण आहे.

पाणीकपातीनंतरच्या आवाजाकडे मी खास लक्ष वेधू इच्छितो, कारण आपल्याकडे तो प्रसंग वारंवार येतो. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहिला, इमारतीच्या टाक्या रिकाम्या झाल्या आणि मग पाणी आले की पाइपमधली हवा नळातून फुरफुरत बाहेर पडते. तो आवाज निरुपद्रवी. पण गिझरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब असेल तर त्याच काळात टाकीतले पाणी उलटे खाली उतरलेले असू शकते, आणि कोरड्या कॉइलवर बटण दाबले की ती मिनिटांत जळते. म्हणून पाणी आल्यावर गरम पाण्याचा नळ उघडून धार एकसंध होईपर्यंत थांबावे, बटण त्यानंतर.

दोन आवाजांच्या बाबतीत वेळ टिपत बसायचे नाही. स्विचमधून किंवा प्लगमधून चर्रचर्र, गुणगुण किंवा जळका वास येत असेल तर लगेच एमसीबी पाडावा. २ किलोवॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो आणि सैल स्क्रूखाली एवढा प्रवाह आग लावायला पुरेसा आहे. दुसरा, गॅस गिझर पेटताना होणारा भप्प आवाज. गॅस आधी साचतो आणि उशिरा पेट घेतो, असा त्याचा अर्थ. पिवळी, काजळी धरणारी ज्योत सोबत असेल तर जळण अपुरे होते आहे, आणि अपुऱ्या जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. गॅसची पाइपलाइन असो की सिलिंडर, बंद बाथरूमच्या आत गॅस गिझर नसावाच. आत बसवलेला असेल तर तो काढून हवेशीर जागी लावेपर्यंत वापरू नका. यात मला कोणतीही तडजोड मान्य नाही.

क्लबहाउसच्या जलतरण तलावाला हीट पंप असलेल्या सोसायट्यांनाही आवाजाची वेळ टिपण्याची हीच पद्धत लागू पडते. आपल्याकडे त्याची गरज डिसेंबर ते फेब्रुवारीपुरती, बाकीचे महिने यंत्र पावसात आणि दमट हवेत उभे असते. चालू करताच पहिल्याच मिनिटापासून येणारी घरघर म्हणजे बहुधा पंख्याची गंजलेली बेअरिंग, जाळीत अडकलेला पाला किंवा कडक झालेले रबरी पाय. पाणी वाहू लागल्यावर येणारी, पंपात खडे फिरल्यासारखी खडखड हीट पंपाची नसते. पाण्याचा पंप हवा किंवा वाफ ओढतो आहे असे ती सांगते. तलावाची पातळी स्किमरच्या खाली गेलेली असते, नाहीतर पंपाच्या जाळीत कचरा तुंबलेला असतो. पाणी तापायला लागल्यानंतर बऱ्याच वेळाने आवाज चढत असेल आणि यंत्र मध्येच बंद पडत असेल, तर प्रवाह कमी पडतो आहे किंवा आतल्या टायटॅनियमच्या नळीवर कीट धरले आहे. पाण्याचा पीएच ७.८ च्या वर राहू दिला आणि तलाव टँकरने भरला तर हे कीट भराभर वाढते. तेव्हा आधी पातळी पाहावी, जाळी धुवावी, फिल्टर बॅकवॉश करावा, पीएच मोजावा, आणि एवढे करूनही आवाज राहिला तर कंपनीला फोन करताना तो यंत्र सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी येतो, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.